कॉकॅटील घरी आणताना : पहिल्या दिवसापासून हातावर येईपर्यंत

नवा कॉकॅटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट, घरी आला की पहिले काही तास तो दांडीवर ताठ उभा राहतो. पिसे अंगाला घट्ट चिकटलेली असतात, डोक्यावरचा तुरा काडीसारखा सरळ उभा असतो आणि समोर ठेवलेल्या दाण्यांकडे तो पाहतही नाही. घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणा आहे, मुळीच ओरडत नाही.’ प्रत्यक्षात त्या वेळी तो कमालीचा घाबरलेला असतो. ससाणा दिसला की जागच्या जागी गोठून जायचे, ही त्याच्या जातीची सवय आहे आणि पिंजऱ्याभोवती जमलेले पाच-सहा चेहरे त्याच्या लेखी ससाण्याहून फारसे निराळे नसतात. पोपट हा दुसऱ्याची शिकार होणारा पक्षी आहे, एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली, तर तो आजार का लपवतो, वरून आलेल्या हाताला का चावतो, रात्री अचानक का फडफडतो आणि शिकवताना घाई केली की का बिघडतो, हे सारे समजू लागते. आमच्या पुण्याच्या घरात नऊ वर्षांपासून एक कॉकॅटील आहे. गालावरच्या नारिंगी ठिपक्यामुळे त्याचे नाव टिकली ठेवले गेले. या जातीची पिले पहिली पिसे झडेपर्यंत सगळी मादीसारखीच दिसतात, त्यामुळे सातव्या महिन्यात शीळ घालू लागल्यावर तो नर असल्याचे आमच्या लक्षात आले. तोवर नाव रुळले होते, ते तसेच राहिले.

कोणता पोपट आणावा

आपल्याकडे पोपट म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो गळ्याला काळी-गुलाबी कंठी असलेला हिरवा राघू. तो पाळणे हा गुन्हा आहे. भारतातील सर्व देशी पोपटांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. ‘आमच्या आजोबांकडेही होता’ हे कारण कायद्यापुढे टिकत नाही. कायद्यापेक्षाही मला त्या पक्ष्याची चिंता अधिक वाटते. बाजारात लपूनछपून विकली जाणारी हिरवी पिले झाडांच्या ढोल्यांतून काढलेली असतात आणि त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. असे पिलू कोणी देऊ केले, तर दया येऊन विकत घेऊ नये, कारण त्या पैशांतूनच पुढची ढोली रिकामी होते. वन विभागाला कळवावे.

परदेशी जातींचा प्रश्न वेगळा आहे. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत नोंदलेल्या जाती पाळायच्या असतील, तर वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार आणि त्याखाली २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करावी लागते. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा हे सारे त्यात येतात. बजरीगर, कॉकॅटील आणि पीचफेस लव्हबर्ड या तीन जाती त्या परिशिष्टांत नाहीत. पहिल्यांदाच पोपट पाळणाऱ्याला मी यांपैकी कॉकॅटील सुचवतो. पक्ष्यांच्या दुकानांत त्याला बहुधा ‘कॉकटेल’ म्हणतात. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील, काकाकुव्याच्या कुळातला सर्वांत लहान पक्षी आहे. लांबी सुमारे एक फूट, वजन ऐंशी ते शंभर ग्रॅमच्या आसपास आणि नीट सांभाळला तर आयुष्य पंधरा ते वीस वर्षे. दहावीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला पक्षी त्या मुलाच्या लग्नापर्यंत घरात असणार आहे, याचा विचार आधी झालेला बरा. घरात कोणाला दमा असेल, तर निर्णयापूर्वी आणखी एकदा थांबावे. कॉकॅटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते आणि आठवड्याभरात ती जवळच्या टेबलावर बोटाने रेघ ओढता येईल इतकी साचते.

पक्षी निवडताना डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या आणि शेपटीखालची पिसे न माखलेली असावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो आपल्यासमोर स्वतः दाणे सोलून खाताना दिसला पाहिजे. ‘हाताने भरवले की जास्त माया लागते’ असे सांगून चार-पाच आठवड्यांची, अजून स्वतः न खाणारी पिले विकली जातात. सवय नसलेल्या माणसाने ती घेऊ नयेत. भरवण्याची पेज थोडी गार राहिली तर ती पिलाच्या अन्नपिशवीत आंबते, जास्त गरम झाली तर पिशवी आतून भाजते आणि भरवताना घाई झाली तर पेज श्वासनलिकेत जाते. दोन-अडीच महिन्यांचे, स्वतः खाणारे पिलूही तितकीच माया लावते. पायात बंद कडे असेल तर उत्तम, कारण ते पिलू अगदी लहान असतानाच घालता येते आणि पक्षी पाळीव जोडीपासून जन्मल्याची ती खूण असते. खरेदीची पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी.

घर दिवसभर रिकामे राहत असेल, तर एकट्या पक्ष्यापेक्षा दोन आणावेत, असे माझे मत आहे. जोडी एकमेकांत रमते आणि माणसाकडे थोडे कमी येते, हे खरे. परंतु थव्याने राहणाऱ्या जिवाला रोज दहा तास एकटे ठेवणे त्याहून वाईट. दुसरा पक्षी नंतर आणला तर किमान तीस दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे.

घराची तयारी

पिंजरा, वाट्या, दांड्या हे सारे पक्षी येण्याच्या दोन दिवस आधी जागेवर असावे. एका कॉकॅटीलसाठी पिंजरा किमान दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच हवा. पक्षी आडवा उडतो, सरळ वर उडत नाही, म्हणून उंचीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावे. गोल पिंजरा घेऊ नये, कारण त्यात पक्ष्याला आश्रयाचा कोपराच मिळत नाही. गजांमधील अंतर दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळावी. पोपट गज चघळतात आणि जस्त पोटात गेल्याने विषबाधा होते. पिंजऱ्यासोबत मिळणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकाव्यात आणि त्याऐवजी कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या, फवारणी न झालेल्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावाव्यात. जाडी एकसारखी नसावी. तळव्यावर एकाच जागी दाब पडत राहिला की तेथे फोड येतात, आणि वाकड्यातिकड्या फांदीवर तो दाब आपोआप बदलत राहतो.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी, म्हणजे पक्ष्याला पाठीमागून धोका नाही असे वाटते. उंची साधारण आपल्या छातीइतकी ठेवावी. स्वयंपाकघरात पिंजरा कधीही ठेवू नये. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांची श्वसनक्रिया माणसापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते. उडण्यासाठी मिळालेल्या याच देणगीमुळे विषारी वायूही त्यांच्या रक्तात झपाट्याने उतरतो. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला गेला, तर त्यातून निघणाऱ्या वासरहित वायूने शेजारच्या खोलीतला पोपट काही मिनिटांत मरू शकतो. आमच्या घरी टिकली येण्यापूर्वीच सारे नॉनस्टिक काढून बिडाचे तवे आले. डासांची अगरबत्ती, धूप, कापूर, फवारे, फिनेलचा उग्र वास या सर्व गोष्टी पक्ष्याच्या खोलीपासून दूर ठेवाव्यात. देवघर त्याच खोलीत असेल, तर पिंजऱ्याची जागा बदलावी.

आता छताच्या पंख्याविषयी. आपल्याकडच्या घरांत मोकळ्या सोडलेल्या पक्ष्याला सर्वांत मोठा धोका याचाच आहे. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, हा नियम घरातील प्रत्येकाच्या, पाहुण्यांच्यासुद्धा, हाताला लागला पाहिजे. आम्ही पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टीची झडप केली आहे; ती उचलल्याशिवाय बटण दाबता येत नाही, आणि उचलताना नजर आपोआप पिंजऱ्याकडे जाते. खिडक्यांना जाळ्या, आरशावर पडदा, पाण्याच्या बादलीवर झाकण एवढे केले की खोली तयार झाली. पंख कापून टाकण्याचा सोपा मार्ग पुष्कळजण सुचवतील. मी त्याच्या विरोधात आहे. उडायला न शिकलेल्या पिलाचे पंख कापले, तर ते दगडासारखे खाली पडते, छातीचे हाड दुखावते आणि पळून जाण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे चोचीचा वापर करू लागते.

पहिला आठवडा

पक्षी सकाळी आणावा, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्याला नवी जागा पाहून घेता येते. दुकानात तो जे दाणे खात होता, तेच पहिले दहा दिवस द्यावेत. पिंजऱ्यात सोडल्यावर पहिले तीन दिवस पाणी आणि दाणे बदलण्यापलीकडे हात आत घालू नये. खोलीत नेहमीसारखा वावर चालू द्यावा, पण त्याच्याकडे टक लावून पाहू नये. समोरून दोन्ही डोळे रोखून पाहणारा प्राणी त्याच्या अनुभवात शिकारीच असतो. पिंजऱ्यापासून पाच-सहा फुटांवर थोडे तिरके बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. आवाज ओळखीचा होतो आणि नजर त्याच्यावर नसते. दर दिवशी खुर्ची वीतभर पुढे सरकवावी.

तुरा काय सांगतो, हे याच दिवसांत शिकून घ्यावे. ताठ उभा तुरा म्हणजे सावधपणा किंवा भय. तुरा डोक्याला चपटा चिकटलेला, अंग मागे झुकलेले आणि तोंडातून फुस्स असा आवाज, म्हणजे ‘आणखी पुढे आलात तर चावेन’. तुरा सैल, टोक थोडे वर वळलेले, एक पाय पोटात ओढलेला आणि चोचीचा करकर घासल्यासारखा बारीक आवाज, म्हणजे पक्षी निवांत असून झोपेच्या तयारीत आहे. पहिल्यांदा ती करकर ऐकू आली, त्या रात्री आम्ही दिवा मालवून बराच वेळ नुसते ऐकत बसलो होतो.

येथे एक चूक सांगतो, कारण ती बहुतेक घरांत होते. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले आणि टिकली पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. पाहुणे येणार होते, म्हणून मी स्टुलावर चढून त्याला मुठीत धरले व आत ठेवले. जेमतेम दहा सेकंदांचा प्रकार. त्यानंतर माझा हात दिसला की तो पिंजऱ्याच्या मागच्या गजांना चिकटायचा, आणि हे पुढे तीन आठवडे चालले. त्याऐवजी खोली अंधारी करून पिंजऱ्यात दिवा आणि राळ्याचे कणीस ठेवले असते, तर तो बहुधा स्वतःच परतला असता.

खाणेपिणे

‘पोपटाला हिरवी मिरची आणि पेरू’ या पारंपरिक समजुतीत तथ्य आहे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि मिरचीत अ जीवनसत्त्वाचा मूळ घटक भरपूर असतो. केवळ दाण्यांवर वाढलेल्या पोपटांना नेमकी त्याचीच उणीव भासते. सूर्यफुलाच्या बिया आणि करडई हा त्यांच्यासाठी फरसाणाचा प्रकार आहे. तेवढेच खाऊन पक्षी लठ्ठ होतो आणि यकृतावर चरबी चढते.

दिवसाला सर्व मिळून साधारण दहा ते पंधरा ग्रॅम अन्न पुरते. त्यातील मोठा वाटा पोपटांसाठी मिळणाऱ्या पेलेटचा (तयार खाद्याच्या छोट्या गोळ्यांचा) असावा आणि उरलेल्या भागात राळे, बाजरी, वरी यांसारखी बारीक धान्ये व भाज्या असाव्यात. दाण्यांवरून पेलेटवर वळवण्याला काही आठवडे लागतात. दाण्यांत थोडे पेलेट कुस्करून मिसळावेत, प्रमाण हळूहळू वाढवावे आणि या काळात रोज वजन करावे; अनोळखी वस्तूला अन्न न मानता उपाशी राहणारे पक्षी असतात. सकाळी भूक जास्त असते, म्हणून भाज्या सकाळी द्याव्यात: किसलेले गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, कोवळे मक्याचे कणीस, मोड आलेले मूग. हा पक्षी मूळचा जमिनीवर चरणारा आहे. टिकलीने वाटीतल्या मेथीला दोन महिने तोंड लावले नाही, पण तीच ओली जुडी ताटलीत पसरून त्यावर चिमूटभर राळे भुरभुरले, तेव्हा दाणे शोधता शोधता पाने कुरतडू लागला. फळे थोडी आणि सफरचंदाच्या बिया काढून. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेस (माखलीच्या अंगातले पांढरे कवच) अडकवून ठेवावा.

अव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि खारट-तळलेले पदार्थ पूर्ण वर्ज्य आहेत. चहात बुडवलेले बिस्कीट प्रेमाने भरवणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांच्या हाती राळ्याचे कणीस द्यावे, म्हणजे त्यांचा आनंदही हिरावला जात नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत धान्याला बुरशी लवकर धरते आणि ती पक्ष्याला घातक असते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात थोडे थोडे धान्य आणून हवाबंद डब्यात शीतकपाटात ठेवावे. वास कुबट आला तर निवडत न बसता सारे टाकून द्यावे. ओल्या भाज्या दोन तासांत काढून घ्याव्यात.

हाताची ओळख

शिकवण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पक्ष्याचा सर्वांत आवडता खाऊ, एक छोटा ठरावीक शब्द आणि संयम. बहुतेक कॉकॅटीलना राळ्याचे कणीस सर्वाधिक आवडते. तो खाऊ रोजच्या वाटीतून काढून टाकावा, म्हणजे तो केवळ आपल्या हातूनच मिळेल. पक्ष्याला उपाशी मात्र ठेवू नये. सकाळच्या खाण्याच्या थोडे आधी शिकवायला बसले की पुरेसे होते. शब्द म्हणून आम्ही ‘छान’ निवडला. पक्ष्याने हवी ती गोष्ट केली त्याच क्षणी ‘छान’ म्हणायचे आणि लगेच दाणे द्यायचे. काही दिवसांत त्याला त्या शब्दाचा अर्थ कळतो, आणि मग नेमक्या कोणत्या हालचालीसाठी खाऊ मिळाला, हे आपण त्याला सांगू शकतो.

पहिल्यांदा गजांबाहेरून लांब कणीस धरावे, टोक पक्ष्याकडे. तो मागे सरकला तर आपणही हात मागे घ्यावा. हे मागे घेणे फार मोलाचे आहे. आपल्या ‘नको’ला हा माणूस मान देतो, हे ज्या पक्ष्याला कळते त्याला चावण्याची गरज उरत नाही. तो खाऊ लागला की दर दिवशी कणीस थोडे आखूड धरावे, इतके की शेवटी त्याची चोच बोटाच्या पेराजवळ येते. त्या क्षणी पोपटाची जीभ बोटाला लागते: कोरडी, गरम, रबरासारखी, दाणा चाचपणारी. पुढे दार उघडून हीच कृती आत करावी. हात नेहमी खालून किंवा बाजूने न्यावा, वरून कधीही नाही.

काडी, बोट आणि खुर्ची

यानंतर काडीला चोच लावायला शिकवावे. जेवणाची लाकडी चॉपस्टिक यासाठी चांगली. काडी पक्ष्यापासून दोन इंचांवर धरावी. कुतूहलाने तो मान पुढे करून चोच टेकवतो, त्याच क्षणी ‘छान’ आणि दाणा. पाच-सहा वेळा झाले की थांबावे. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून दोनदा, आणि शेवट नेहमी जमलेल्या कृतीवर. दोन-तीन दिवसांत काडी डावीकडे नेली की तो डावीकडे चालतो, फांदीच्या टोकाला नेली की टोकाला येतो. स्पर्श न करता, न ढकलता त्याला हवे तेथे नेता येते, हे या काडीचे खरे मोल आहे.

बोटावर घेण्यासाठी ‘बोट पोटाला टेकवून किंचित दाबा, तो आपोआप चढेल’ अशी जुनी पद्धत सांगितली जाते. पक्षी चढतो, परंतु तोल जाऊ नये म्हणून चढतो. त्यापेक्षा तर्जनी त्याच्या पायांपुढे, दांडीच्या किंचित वर, दांडीसारखीच स्थिर धरावी आणि काडी बोटाच्या पलीकडे दाखवावी. आता नीट लक्ष द्यावे. पक्षी आधी मान खाली घालतो आणि चोचीने बोट धरून पाहतो. अनोळखी फांदीवर पाय टाकण्यापूर्वी ती भार पेलेल का, हे पोपट असेच तपासतात. नवशिक्या माणसाला वाटते की चावला, आणि तो हात झटकन मागे घेतो. पक्ष्याने काढलेला निष्कर्ष असा की ही फांदी डळमळीत आहे. म्हणून त्या एका क्षणी हात हलू द्यायचा नाही. चोचीमागून एक पाय येतो, थंड आणि खरबरीत, मग दुसरा. ‘छान’, भरपूर खाऊ, आणि लगेच पुन्हा दांडीवर परत. चढताना ‘ये’ हा शब्द जोडावा. आम्हाला येथवर यायला साडेसहा आठवडे लागले. काही पक्षी दहा दिवसांत येतात, काहींना चार महिने लागतात, आणि त्यावरून पक्षी मठ्ठ की हुशार हे ठरत नाही.

बोलावल्यावर उडत येणे हा पुढचा टप्पा, आणि मोकळ्या खोलीत सुरक्षिततेसाठी तो आवश्यकच आहे. दोन खुर्च्यांच्या पाठी एक फुटावर ठेवाव्यात. पक्षी एकीवर, आपले बोट दुसरीजवळ, आणि नाव घेऊन एकच ठरावीक शीळ. उडी मारून आला की खाऊ. अंतर वीत वीत वाढवत दहा-बारा फुटांपर्यंत न्यावे. या शिळेने बोलावून पक्ष्याला कधीही पिंजऱ्यात कोंडू नये, औषध देऊ नये, नखे कापू नयेत. बोलावले की काहीतरी चांगलेच मिळते, हा त्याचा अनुभव एकदाही मोडता कामा नये. पिंजऱ्यात परतण्यासाठी काडी आणि आत ठेवलेला खाऊ वेगळा वापरावा. बोलावल्यावर येणारा पक्षीही उघड्या गच्चीवर मोकळा नेऊ नये. घारीची सावली पडली की तो शिकवलेले सारे विसरून वाट फुटेल तिकडे उडतो.

चावणे आणि ओरडणे

पक्षी चावला तर ओरडू नये, चोचीवर टिचकी मारू नये, फुंकर घालू नये. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर ठेवावे आणि चावण्यापूर्वीचे अर्धे मिनिट आठवावे. तुरा चपटा झाला होता का? झोपेची वेळ टळली होती का? उत्तर बहुधा तेथेच मिळते. कुरवाळणे डोके आणि मान एवढ्यावरच ठेवावे. पाठ व शेपटीखाली केलेला स्पर्श पक्षी जोडीदाराचा समजतो, आणि मग नर आक्रमक होतो, तर मादी नराविनाही अंडी घालत सुटते. खोके, कपाटाचा कप्पा, उशांमधली खाच असे अंधारे कोपरे मादीपासून दूर ठेवावेत, कारण वारंवार अंडी घालून शरीरातले कॅल्शियम संपते आणि अंडे अडकून जिवावर बेतू शकते.

ओरडण्याचे कारण निराळे आहे. थव्यातला पक्षी नजरेआड झाला की बाकीचे साद घालतात आणि उत्तर आले की निश्चिंत होतात. आपण खोलीबाहेर गेल्यावर होणारा कर्कश आवाज हीच ती साद असते. किंकाळी ऐकून धावत गेलो तर तो किंकाळीच शिकतो. मुळीच उत्तर दिले नाही तर बिचारा घाबरतो. म्हणून एक मंजूळ शीळ ठरवावी, खोलीबाहेर जाताना आपणच आधी ती घालावी आणि त्याने तशी शीळ परत घातली की दुसऱ्या खोलीतून लगेच उत्तर द्यावे. आमच्याकडे याला महिना लागला. आता भांडी घासतानासुद्धा शिळेला शीळ जाते.

बोलण्याबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. कॉकॅटील नर सुरेख शीळ घालतात, शब्द थोडे व अस्पष्ट उच्चारतात. माद्या बहुधा गप्प असतात. शब्द प्रसंगाशी जोडावेत: सकाळी कापड काढताना ‘उठलास का?’, खाऊ देताना ‘घे’. प्रत्येक वेळी तोच शब्द, तोच स्वर. मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून ठेवण्याने पक्षी क्वचितच शिकतो, कारण त्या आवाजामागे कोणी नसते.

रात्र, ऊन आणि फटाके

पक्ष्याला दहा ते बारा तास शांत, अंधारी झोप हवी. कॉकॅटीलमध्ये रात्रीची घाबरगुंडी विशेष आढळते. मांजराची सावली, गाडीचा दिवा, पालीची हालचाल एवढे निमित्त पुरते, आणि पक्षी काळोखात गजांवर आपटून पिसे रक्तबंबाळ करून घेतो. खोलीत अगदी मंद दिवा ठेवावा आणि पिंजरा तिन्ही बाजूंनी झाकला तरी एक बाजू उघडी ठेवावी. फडफड ऐकू आली तर आधी दूरून बोलावे, मग दिवा लावावा. दिवाळीत पिंजरा रस्त्यापासून सर्वांत आतल्या खोलीत हलवावा, खिडक्या बंद कराव्यात आणि संध्याकाळी कोणीतरी जवळ बसावे.

सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास मिळावे, तेही काचेतून नव्हे, कारण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा आणि माणूस शेजारी असावा, कारण कावळे व मांजरे टपलेली असतात. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात पक्षी पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, तर लगेच थंड खोलीत न्यावे आणि पाय ओल्या फडक्याने भिजवावेत. अंघोळीसाठी साध्या पाण्याचा बारीक फवारा सकाळीच द्यावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पिसे वाळतात.

आजार ओळखणे

थव्यातला आजारी पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पोपट शक्य तितका वेळ धडधाकट असल्याचे दाखवतो. पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी आपल्याला आजारी दिसतो, तेव्हा आजार बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. यावर उपाय म्हणजे वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणून त्यावर छोटी दांडी बसवावी, आणि पहिल्या महिन्यात रोज, पुढे आठवड्यातून दोनदा, सकाळी खाण्यापूर्वी वजन वहीत टिपावे. टिकलीचे वजन ९२ ग्रॅमच्या आसपास असते. त्याला चौथे वर्ष लागले तेव्हा पाच दिवसांत ते ८४ वर आले. वागण्यात काहीच फरक नव्हता, शीळ चालू होती. केवळ वहीतल्या आकड्यांमुळे आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि अन्नपिशवीतला संसर्ग वेळेत सापडला. दहा टक्के घट झाली तर वाट पाहू नये.

पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद घालावा. निरोगी विष्ठेत हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडे पाणी असे तिन्ही दिसतात. पांढऱ्या भागाला पिवळा किंवा हिरवा रंग येणे, श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलणे, आवाज बदलणे, एकाच बाजूला डोळ्यातून पाणी येणे, दिवसा दोन पायांवर फुलून झोपणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. पोपटांच्या काही आजारांचा, विशेषतः सिटॅकोसिसचा, संसर्ग माणसालाही होतो. म्हणून पिंजरा साफ करताना कागद आधी ओला करावा, तोंडावर पट्टी बांधावी, आणि घरात कोणाला ताप व कोरडा खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना घरात पोपट असल्याचे आवर्जून सांगावे.

पक्ष्यांचे उपचार करणारे पशुवैद्य प्रत्येक गावात नसतात, तेव्हा ही चौकशी पक्षी आणण्यापूर्वीच करावी. मुंबईत परळ, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपल्या भागात पक्ष्यांवर कोण उपचार करते, याची विचारपूस तेथून सुरू करता येते. डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो पक्ष्याला तीस अंशांच्या आसपास ऊब द्यावी; फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या एका बाजूला ठेवली की तो हवे तसे जवळ किंवा दूर सरकू शकतो. माणसांच्या औषधाचा थेंबही देऊ नये.

प्रवासाच्या खोक्याची सवयही याच प्रसंगासाठी आधी लावून ठेवावी. दार उघडे टाकून खोके रोजच्या खेळाच्या जागी ठेवावे, काडीने पक्ष्याला आत न्यावे, ‘छान’ म्हणून खाऊ द्यावा आणि बाहेर येऊ द्यावे. आठवड्याभराने दार क्षणभर लावावे, मग मिनिटभर, मग खोके हातात घेऊन जिन्यापर्यंत जाऊन परत यावे. वजन घटले त्या सकाळी टिकली असाच काडीमागे चालत आपणहून खोक्यात शिरला. डॉक्टरांकडे जाताना बरोबर वजनाची वही, रात्रीचा विष्ठेचा कागद आणि तो खात असलेल्या दाण्यांची मूठभर पुडी न्यावी. तपासणी बहुधा या तीन गोष्टींपासूनच सुरू होते.